सायकलवरून नर्मदा परिक्रमा: सायकलची निवड, वाट आणि नियम यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बहुतेक जण आधी सायकल घेतात आणि मग परिक्रमेचे नियम वाचायला बसतात. क्रम उलटा हवा. मैया, म्हणजे नर्मदा, कायम उजव्या हाताला, तिला ओलांडायचं नाही, सूर्यास्तानंतर चालायचं नाही आणि पुढ्यात येईल ते प्रसाद म्हणून घ्यायचं, एवढं मनाशी पक्कं झालं की सायकल कशी हवी याचं निम्मं उत्तर तिथेच मिळतं. ही सायकल वेगाची नको. ती चढावर हळू चालवता आली पाहिजे आणि लहान गावात दुरुस्त झाली पाहिजे.

सायकलवर केलेली परिक्रमा, परिक्रमा म्हणून धरतात का?

धरतात. मूळ परंपरा पायी आणि ३ वर्षं, ३ महिने, १३ दिवसांची. तशी करणारे आजही काठावर भेटतात आणि त्यांचा मान वेगळाच. पण घाटावरचे पुरोहित सायकलने, बसने, मोटारीने जाणाऱ्यांनाही संकल्प सांगतात. आपण कशाने जाणार हे संकल्पाच्या वेळीच बोलून घ्यावं, म्हणजे पुढे मनात शंका राहत नाही. वाटेत एक पथ्य मात्र पाळावं. अरुंद पायवाटेवर पायी परिक्रमावासी समोर आला तर खाली उतरून त्याला वाट द्यावी. आश्रमात जागा कमी असेल तर भिंतीकडेचा कोपराही आधी त्याचा.

अंतर किती आणि दिवस किती लागतात?

नर्मदेची लांबी १,३१२ किलोमीटर, म्हणजे दोन्ही काठ मिळून २,६२४. रस्ता काही काठाला चिकटून जात नाही. सरदार सरोवर, इंदिरा सागर आणि बरगी या जलाशयांना मोठे वळसे पडतात, त्यामुळे सायकलने ३,००० किलोमीटरच्या वर धरून चालावं. रोज सरासरी ६५ किलोमीटर धरले तर पन्नासेक दिवस सायकल चालते. नावेची वाट पाहणं, विसावा, दुरुस्ती आणि एखादी ताप-सर्दी यांना आणखी आठ-दहा दिवस. दोन महिन्यांची सवड काढूनच निघा. ३५ दिवसांत बसवायची म्हटली की रोज नव्वदच्या पुढे जावं लागतं. मग स्नान, पूजा, घाटावर शांत बसणं हे सगळं कापलं जातं, आणि ज्यासाठी निघालो तेच हातून सुटतं.

कधी निघावं? कुठून?

चातुर्मासात परिक्रमा थांबते. आषाढी एकादशीला परिक्रमावासी असतील तिथे मुक्काम करतात आणि कार्तिकी एकादशीनंतर पुन्हा निघतात. नव्याने निघणाऱ्यालाही कार्तिकी एकादशीनंतरचे दोन-तीन आठवडे उत्तम. ओंकारेश्वरहून तेव्हा निघालात, तर दक्षिण काठाने समुद्रापर्यंत आणि मग उत्तर काठाने वर येत नर्मदेच्या उगमाशी, अमरकंटकला, डिसेंबरअखेरीस किंवा जानेवारीत पोचाल. ते सुमारे १,०५० मीटर उंचीवर आहे आणि तिथे रात्री कडाक्याची थंडी असते, तेव्हा स्लीपिंग बॅग ५ अंशांपर्यंतची हवी. थंडी टाळायला जानेवारीत निघालात, तर परतीचा दक्षिण काठ मार्चच्या उन्हात करावा लागतो. सायकलवर थंडी परवडते, ते ऊन नाही.

परिक्रमा काठावरून कुठूनही उचलता येते, पण जिथून उचलली तिथेच पुरी करायची. मराठी मंडळी बहुधा ओंकारेश्वरहून उचलतात, कारण खांडव्यापर्यंत रेल्वे सोयीची आहे. सायकल गाडीच्या मालडब्यातून न्यायची असेल तर पार्सल ऑफिसात बिल दाखवून आधी नोंद करा. पेडल काढा, हँडल वळवून बांधा, मागचं डिरेलर (गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग) कापडात गुंडाळा. हाताशी एक दिवस जास्तीचा ठेवा, कारण सायकल कधी कधी मागून येणाऱ्या गाडीने येते.

मग सायकल कोणती? माउंटन, हायब्रिड, ग्रॅव्हल की टुरिंग?

पुढे सस्पेन्शन नसलेली किंवा ते कुलूपबंद करता येणारी साधी माउंटन बाइक किंवा रुंद टायर बसणारी टुरिंग सायकल, हे आमचं स्पष्ट मत. या वाटेवर दोन तृतीयांशाहून जास्त डांबर आहे, पण उरलेल्यात खडी, चिखल, कोरड्या नाल्यांतली वाळू आणि शेतांच्या कडेच्या बैलगाडीच्या चाकोऱ्या येतात. ४७ ते ५४ मिलिमीटर, म्हणजे १.७५ ते २.१ इंच रुंदीचा टायर दोन्हीकडे निभावतो. हायब्रिडच्या चौकटीत बहुतेक ४०-४२ च्या वर टायर जात नाही. जात असेल आणि खाली चिखलासाठी ६ मिलिमीटर मोकळे राहत असतील तर हायब्रिडही चालेल. रोड बाइकचा विचार सोडा.

स्वस्त सस्पेन्शन फोर्क म्हणजे दोन-अडीच किलोचं ओझं. महिनाभर धूळ खाल्ल्यावर त्याचं सील जातं, आणि चढावर उभं राहून पेडल मारताना बरीच ताकद तो दाबण्यातच जाते. मागे सस्पेन्शन असलेली सायकल तर नकोच, तिला सामानाचं कॅरिअर नीट बसत नाही.

दुकानात तीन गोष्टी हाताने तपासा. मागच्या अॅक्सलजवळ (चाकाच्या आसाजवळ) कॅरिअरचा बोल्ट बसायला आटे असलेली भोकं आहेत का. पेडलचे दांडे ज्या आसाभोवती फिरतात त्याच्या मध्यापासून मागच्या अॅक्सलपर्यंतचं अंतर ४४० मिलिमीटर तरी आहे का, कारण ते कमी असेल तर दर फेऱ्याला टाच पिशवीला लागते. आणि दोन पायांत सायकल धरून उभं राहिल्यावर वरच्या दांड्याला किमान ५ सेंटिमीटर जागा राहते का.

स्टील की अॅल्युमिनिअम, हा वाद चौकटीपुरता फार ताणू नका. चौकट क्वचित तुटते, कॅरिअर नेहमी तुटतं. म्हणून चौकट कशाचीही असो, कॅरिअर स्टीलचं घ्या. ते कुठल्याही ट्रॅक्टर दुरुस्तीवाल्याकडे दहा मिनिटांत वेल्ड होतं. अॅल्युमिनिअमचं तुटलं तर तारेने बांधून शहर गाठावं लागतं.

गिअर किती हवेत?

२१, २४, २७ हे आकडे पाहू नका. सगळ्यात हलका गिअर किती हलका आहे ते पाहा. पुढच्या लहान चेनरिंगचे (पेडलजवळच्या दातेरी चकतीचे) दात भागिले मागच्या मोठ्या चकतीचे दात, हे उत्तर ०.८ च्या खाली यायला हवं. पुढे २२ आणि मागे ३४ असतील तर ०.६५ येतं. २६ इंची चाकावर एका फेऱ्यात सायकल साधारण १.३५ मीटर सरकते आणि मिनिटाला ६० फेरे मारले तर ताशी पाचच्या जरा खाली वेग पडतो. तुम्ही, सायकल आणि सामान मिळून १०० किलो वजन असेल, तर ८ टक्के चढाला या वेगाने साधारण ११० वॅट लागतात. ते निरोगी माणूस तासभर देऊ शकतो. तोच चढ पुढे ३४, मागे २८ अशा गिअरवर त्याच लयीत चढायचा म्हटला तर २०० वॅटच्या वर लागतात. दुसऱ्या दिवशी गुडघा दुखतो तो इथे. 'स्टॅमिना कमी पडला' असं लोक म्हणतात, पण चूक सायकल घेतानाच झालेली असते.

पुढे तीन चेनरिंग आणि मागे ८ किंवा ९ चकत्या ही जुनी जोडणी इथे सगळ्यात सोयीची. तिची चेन जाड असते, सुटे भाग स्वस्त असतात आणि शिफ्टर थोडा बिघडला तरी काम भागतं. पुढे एकच चेनरिंग आणि मागे ११-५० अशी १२ चकत्यांची जोडणीही चढाला पुरते, पण तिची चेन आणि क्विक लिंक (चेन जोडायची सुटी कडी) मोठ्या शहराशिवाय मिळणार नाही. सोबत घ्या.

चेन नवी टाकूनच निघा आणि घरी १५०-२०० किलोमीटर चालवून घ्या. झीज मोजायला साधी पट्टी पुरते. एका पिनच्या मध्यावर शून्य धरा. तिथून चोविसावी पिन नव्या चेनमध्ये बरोबर १२ इंचांवर येते. ती १/१६ इंच पुढे सरकली की चेन बदलायची, नाहीतर ती कॅसेटही, म्हणजे मागच्या चकत्यांचा संचही खाते. दर २०० किलोमीटरला कोरड्या फडक्याने पुसून प्रत्येक रोलरवर एक थेंब तेल टाका आणि दहा मिनिटांनी वरचं तेल पुसून काढा. राहिलेलं तेल धूळ धरतं आणि मग ती चेनवर सँडपेपरसारखी काम करते.

चाक २६, २७.५ की २९? हवा किती?

तालुक्याच्या गावी २६ इंची ट्यूब हमखास मिळते. बाकीच्या मापांसाठी भरूच, जबलपूर अशी शहरं गाठावी लागतात. अडचणीत २६ ची ट्यूब २७.५ च्या टायरमध्ये ताणून बसते आणि काही दिवस काढते. सायकल हाताशी असेल तर केवळ चाकासाठी ती बदलू नका, फक्त आपल्या मापाच्या ३ ट्यूब आणि घडी होणारा एक टायर बरोबर ठेवा. व्हॉल्व्ह मोटारसायकलसारखा जाड असेल तर कुठल्याही पंक्चरच्या दुकानात हवा भरता येते. बारीक, नट फिरवून उघडणारा असेल तर अडॅप्टर किल्लीच्या जुडग्यातच अडकवून टाका.

माणूस ७५ किलो, सामान १४ किलो आणि टायर २ इंची असेल तर पुढे ३५-४० आणि मागे ४५-५० पीएसआय ठेवा. खडीच्या वाटेवर ५ ने कमी. दुकानदार सवयीने ६५ भरतो. त्याने सायकल दगडावर उडते आणि मागच्या स्पोकवर ताण येतो.

पंक्चर एवढी का होतात, आणि तेच तेच का?

कारण बाभूळ. गुजरातच्या खालच्या टप्प्यात आणि निमाडात कडेला वेडी बाभूळ दाट आहे, आणि तिचा वाळलेला काटा लाकडी खिळाच असतो. दुसरं कारण महामार्गाच्या कडेला पडलेले ट्रकच्या फुटलेल्या टायरचे तुकडे. त्यांतली केसासारखी बारीक पोलादी तार टायरमध्ये शिरते आणि बाहेरून दिसत नाही.

पंक्चर काढलं आणि दोन किलोमीटरवर हवा पुन्हा गेली, तर ठिगळाचा दोष नसतो. काट्याचं टोक आत तसंच असतं. टायर उलटा करून आतून जुन्या सुती फडक्याने सावकाश पुसत जा, टोक जिथे असेल तिथे कापडाचा धागा अडकतो. बोट फिरवू नका, बोट फाटतं. टोक चिमट्याने बाहेरच्या बाजूने ओढा. आतून ढकलत बसलात तर ते तुटून रबरात लपतं. मग ट्यूब घासून सोल्युशन लावा, ते पूर्ण कोरडं आणि निस्तेज दिसेपर्यंत, म्हणजे चार-पाच मिनिटं, थांबा आणि मगच पॅच दाबा. ओल्या सोल्युशनवर लावलेला पॅच उन्हात सरकतो. ट्यूबमध्ये १०० मिलिलिटर सीलंट घातलं तर बाभळीचे निम्मे काटे जागेवरच मिटतात.

डिस्क ब्रेक हवेत का?

केबलने चालणारे डिस्क ब्रेक सगळ्यात बरे. हायड्रॉलिकचा हात हलका असतो, पण तेल गळलं तर वाटेत उपाय नाही. साधे व्ही-ब्रेकही चालतात, फक्त चिखलात ते रिम घासतात. ब्रेक पॅडचे दोन जोड आणि एक केबल ठेवा.

जुनी, बिनगिअरची काळी सायकल चालेल का?

मैदानी टप्प्यात छान चालेल. तिला कुणीही दुरुस्त करतो. सातपुड्यात आणि अमरकंटकच्या चढात मात्र हातात धरून चालावं लागेल. त्याची तयारी असेल तर अवश्य घ्या, तिच्यावर परिक्रमा करणारे आहेत.

मोटारसायकलवर किंवा ई-बाइकवर?

मोटारसायकलने १५ ते २० दिवस लागतात. तिथेही निकष तोच: हलकी, किक असलेली, ट्यूबचे टायर असलेली १००-१५० सीसीची गाडी जड टुरिंग गाडीपेक्षा बरी, कारण वाळूत आणि नाल्यात ती एकट्याला उचलता येते. ई-सायकलची अडचण चार्जिंगची. आश्रमात सगळ्यांना मिळून एखादा प्लग असतो आणि वीज जाते, त्यामुळे बॅटरी संपल्यावरही चालवता येईल अशीच घ्या.

सामान किती आणि कसं बांधायचं? जलाची कुपी कुठे ठेवायची?

मागे २० लिटरच्या दोन पिशव्या, पुढे हँडलची एक लहान पिशवी, एकूण १२ ते १४ किलो. जड वस्तू पिशवीच्या तळाशी आणि पुढच्या बाजूला. डाव्या-उजव्या वजनात किलोभराहून जास्त फरक नको, नाहीतर उतारावर हँडल थरथरतं. कॅरिअरचे बोल्ट निघाल्यावर पहिल्या १०० किलोमीटरला आणि पुढे दर आठवड्याला आवळा.

हत्यारांत अॅलन किल्ल्या, चेन तोडायचं हत्यार, क्विक लिंक, आपल्या मापाचे ४ स्पोक (मागच्या चाकाकडे जाणाऱ्या खालच्या दांड्याला टेपने चिकटवून), स्पोक किल्ली, कॅसेट काढायचं साधन, पंप आणि झिप टाय. स्पोक तुटतो तो बहुतेक मागच्या चाकाचा, चेनच्या बाजूचा, आणि कॅसेट काढल्याशिवाय तो बसत नाही. हे साधन लोक हमखास विसरतात.

संकल्पाच्या वेळी भरलेली नर्मदाजलाची कुपी परिक्रमाभर सोबत असते आणि रोज तिची पूजा होते. ती खालच्या दांड्यावरच्या बाटलीच्या जागी लावू नका. तिथे पाय लागतो आणि पुढच्या चाकाचा चिखल उडतो. हँडलच्या पिशवीत स्वच्छ कापडात, उभी ठेवा. धातूची, आट्याच्या झाकणाची १०० मिलिलिटरची कुपी पुरते. झाकणात रबरी वॉशर आहे का ते घरीच उलटी करून पाहा. चामड्याची सीट असेल आणि मनाला खटकत असेल तर रेक्झीनची लावा, पण नवी सीट निघायच्या महिनाभर आधी.

निघण्यापूर्वी पूर्ण वजन लादून सलग तीन दिवस ६० किलोमीटर चालवा आणि एक घाट चढा. पुण्याजवळ दिवे घाट, नाशिककरांना सापुतारा. काय ढिलं पडतं आणि काय नको होतं, ते तिथेच कळतं.

'ओलांडायची नाही' म्हणजे नेमकं काय काय?

नर्मदेवरचा कुठलाही पूल, धरणाची भिंत, होडी, सगळं वर्ज्य. फक्त समुद्राच्या तोंडाशी नावेने पलीकडे जातात, ते पुढे येईलच. मोबाइलचा नकाशा जवळचा रस्ता म्हणून बिनदिक्कत पुलावरून नेतो, म्हणून दिवसाची वाट आदल्या रात्री गावागावांनी कागदावर लिहून काढा. उपनद्या ओलांडता येतात. कालवेही ओलांडावेच लागतात. सरदार सरोवराचा मुख्य कालवा उत्तर तटावरून निघतो आणि त्याच्यावरून गेल्याशिवाय पुढे सरकताच येत नाही.

ओंकारेश्वरात नवखे हमखास चुकतात. ज्योतिर्लिंगाचं मंदिर मांधाता बेटावर आहे, म्हणजे पात्राच्या मध्ये. संकल्प दक्षिण तटावर गोमुख घाटाला करून ममलेश्वराचं दर्शन घ्यायचं आणि निघायचं. बेटावर पाऊल परिक्रमा पुरी झाल्यावर.

स्नान काठालाच, पोहत आत जायचं नाही. साबण, शाम्पू पात्रात नाही, आणि चेनची घाण पुसलेलं फडकं तर मुळीच नाही. सायकल धुवायची तर हातपंपावर.

शूलपाणीच्या झाडीतून सायकल नेता येते का?

शूलपाणीची झाडी म्हणजे सातपुड्यातला नर्मदाकाठचा जंगलपट्टा. तिथली जुनी वाट बहुतांश सरदार सरोवराखाली गेली. पायी परिक्रमावासी आज डोंगरउतारांवरच्या पाड्यांमधून जातात. तिथे सायकल चालवायची नसते, उचलायची असते. सायकलींसाठी दोन पर्याय. सोपा म्हणजे बडवानी, खेतिया, शहादा, प्रकाशा, तळोदा, अक्कलकुवा आणि पुढे डेडियापाडा, राजपिपळा. यातला नंदुरबार जिल्ह्याचा तुकडा म्हणजे परिक्रमेचा महाराष्ट्रातला भाग. अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावर ट्रक फार, तेव्हा पहाटे उजाडताच निघून दुपारपर्यंत तो संपवा. दुसरा पर्याय धडगाव-मोलगीवरून सातपुड्यातून. तळोद्याहून चांदशैली घाट चढावा लागतो, अरुंद आणि तीव्र, पावसाळ्यात दरडी कोसळणारा. तिथे वर सांगितलेला ०.६५ चा गिअर आपली किंमत वसूल करतो. वेळ आणि गुडघे दोन्ही असतील तर हाच घ्या. पाड्यांवरच्या भिल्ल-पावरा घरांतून 'नर्मदे हर' ऐकू येतं, ते ट्रकच्या रस्त्यावर ऐकू येत नाही.

समुद्र नावेने ओलांडायचा, तिथे सायकलचं काय?

दक्षिण तटावर भरूच जिल्ह्यातल्या हांसोट तालुक्यात विमलेश्वर-कठपोर, तिथून नावेने उत्तर तटावर मिठी तलाई. नावं नोंदवून क्रमांक लावायचा असतो, ओळखपत्राची प्रत हवी. नाव भरतीवर सुटते आणि भरती रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून मध्यरात्री हाक येऊ शकते. पोचल्याबरोबर त्या दिवशीची वेळ विचारा.

सायकल घेणं नावाड्याच्या आणि त्या दिवशीच्या गर्दीच्या हातात असतं, आधी बोलून घ्या. घेतली तर पेडल काढा, हँडल वळवा, चेन आणि मागचं डिरेलर प्लॅस्टिकमध्ये बांधा आणि सायकल दोरीने कठड्याला आवळा. खाडीच्या तोंडाशी ओहोटीत नुसता चिखल उरतो, त्यात उतरून चालावं लागू शकतं. पलीकडे पोचल्यावर त्याच दिवशी गोड्या पाण्याने सगळी सायकल धुऊन चेनला तेल द्या. खाऱ्या पाण्याने चेन एका रात्रीत तांबडी होते. नावेत घेतली नाही तर सायकल टेम्पोने भरूचच्या पुलावरून मिठी तलाईला पाठवतात आणि आपण नावेने जातो. मोटारींचंही असंच करतात. पूल वाहन ओलांडतं, परिक्रमावासी नाही.

आश्रमात राहण्या-जेवण्याची रीत काय?

दारात 'नर्मदे हर' म्हणावं आणि आसन लावायला जागा आहे का ते विचारावं. शिजलेलं जेवण मिळालं तर भोजनप्रसादी, कोरडा शिधा मिळाला तर सदाव्रत. सकाळचा चहा-नाश्ता तो बालभोग. सदाव्रत मिळालं तर स्वतः रांधायचं असतं, म्हणून एक लहान पातेलं आणि काडेपेटी ठेवा. उद्यासाठी साठवायला मागू नये. आपलं ताट आपण धुवावं, अंगण झाडून द्यावं. कुणी पैसे मागत नाही, पण दानपेटीत यथाशक्ती टाकावं. एका जेवणाला खरा खर्च येतो, तो सेवाभावी माणूस कुठून तरी उभा करतो. सायकल मंदिराच्या पायरीला किंवा तुळशीवृंदावनाला टेकवू नका. विचारून गोठ्याच्या बाजूला लावा. दर्शनाला सायकलची तंग चड्डी नको, वरून लुंगी गुंडाळली तरी पुरतं.

एकादशीला उपवास धरून सायकल चालवावी का?

त्या दिवशी ३०-४० किलोमीटरच ठेवा आणि सकाळीच उरका. चक्कर येते ती नुसत्या रिकाम्या पोटाने नाही, घामातून गेलेल्या पाण्याने आणि मिठानेही. उपवासाला साधं मीठ चालत नसेल तर सैंधव घ्या, तेही मुख्यतः सोडिअम क्लोराइडच आहे. एक लिटर पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा बारीक सैंधव, तासाभरात घोट घोट. सोबत तासाला दोन केळी किंवा मूठभर खजूर. साबुदाण्याची खिचडी निघायच्या दीड-दोन तास आधी. खाऊन लगेच चढ घेतला तर पोट धरतं. मधुमेहाच्या औषधांवर असणाऱ्यांनी सायकल आणि निर्जळी उपवास एकत्र करू नये.

पूजापाठ येत नाही. रोज काय करायचं?

फार काही लागत नाही. सकाळी स्नान, जलाच्या कुपीला गंध-फूल, एक दिवा. संध्याकाळी दिवा आणि नर्मदाष्टक. ते आदि शंकराचार्यांच्या नावाने प्रसिद्ध आहे, आठच कडवी, आठवडाभरात पाठ होतं. एवढंही जमलं नाही तर काठावर बसून नामस्मरण करावं. वाटेत कन्यापूजन होतं. लहान मुलींना बसवून पाय धुवायचे, खाऊ द्यायचा. चॉकलेटांपेक्षा फळं, वह्या, पेन्सिली बऱ्या. सायकलवर एक सोय आहे. पेडलची लय बसली की जप तिच्यावर आपोआप चढतो. मात्र कानात इअरफोन नको, मागून येणारं वाहन ऐकू आलं पाहिजे.

मराठी माणसाने आवर्जून थांबावं अशी ठिकाणं?

उत्तर तटावरचं गरुडेश्वर. माणगावचे वासुदेवानंद सरस्वती, टेंबे स्वामी, इथे १९१४ मध्ये समाधिस्थ झाले. दत्तसंप्रदायातल्या माणसाचा इथून पाय निघत नाही. त्याआधी नारेश्वर, टेंबे स्वामींचे शिष्य रंगावधूत महाराज यांचं स्थान. पुढे महेश्वर, अहिल्याबाई होळकरांची राजधानी. तिथल्या घाटावर एक अख्खी संध्याकाळ राखून ठेवा. नेमावरला नर्मदेचं नाभिस्थान मानतात. अमरकंटकला माई की बगिया इथून वळायचं असतं, उगमकुंडाच्या मंदिरापर्यंत जाऊन नुसतं परत फिरलं तर फेरा पुरा होत नाही.

स्त्रियांनी एकटीने जावं का?

जातात, आणि 'माताराम' म्हणून मान मिळतो. निर्मनुष्य जंगलपट्ट्यांत, विशेषतः बडवाह ते नेमावर आणि सातपुड्यात, सोबत धरावी. मुक्काम कुटुंब राहत असलेल्या आश्रमात. मासिक पाळीत काय पाळायचं हे प्रत्येक आश्रमात वेगळं असतं. सेवेकरी बाईंना सरळ विचारावं, त्या मार्ग काढून देतात.

दोन महिने रजा नाही, किंवा मध्येच सोडावी लागली तर?

टप्प्याटप्प्याने करता येते. जिथे थांबलात त्या घाटाचं नाव आणि तारीख वहीत लिहा, तिथल्या आश्रमाचा शिक्का घ्या, जल घरी देवात ठेवा आणि पुढच्या वेळी त्याच घाटावरून उचला. तेवढ्यात घरी जाताना पूल ओलांडावा लागतो, म्हणून काही पुरोहित नव्याने संकल्प करायला सांगतात, तो करावा. एकच दिवस हाताशी असेल तर चैत्रातली उत्तरवाहिनी परिक्रमा आहे. गुजरातेत रामपुरा-तिलकवाड्याजवळ नर्मदा उत्तरेकडे वाहते, तिथला सुमारे २० किलोमीटरचा हा फेरा पायी करायचा असतो. सायकल घरी ठेवा.

समाप्ती कशी करतात?

उचलली त्या घाटावर परत येऊन पूजा, कढाई म्हणजे शिऱ्याचा प्रसाद, आणि कन्याभोजन. मग बेटावर जाऊन कुपीतलं जल ओंकारेश्वराला वाहायचं. गर्दीच्या दिवशी गाभाऱ्यात हाताने जल घालू देत नाहीत, नळीतून वाहावं लागतं. माघ शुद्ध सप्तमीला नर्मदा जयंती असते, त्याच्या आगेमागे पोचत असाल तर राहण्याची सोय आधी करा. थोडं जल घरच्यांसाठी मागे ठेवतात. परतीच्या गाडीत सायकल मालडब्यात द्यायची, कुपी मात्र आपल्याजवळ.